आली म्हणून बुडाला, गेली म्हणून बुडाला

जानेवारीत जळगावला बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो. थंडी असते, भरताच्या वांग्यांचे दिवस असतात, आणि गाणे ऐकून शाली सावरत घराकडे निघालेल्या रसिकांत एक वाद हमखास निघतो. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी कशाने बुडाली? प्रश्न पुरता विचारून होत नाही तोच उत्तर हजर असते: गोहरबाई. धुळे-अमळनेरकडचा कुणी असला तर अहिराणीत निकालच लावतो, ‘बाईनामुये बुडना भो तो.’ मग दुसरा आवाज चढतो. गोहरबाईंनी शेवटपर्यंत सेवा केली, धर्म पाहिला नाही, पैसा पाहिला नाही, असे प्रेम कुठे पाहायला मिळते? अर्धा तास ही जुगलबंदी चालते. एका पारड्यात खलनायिका, दुसऱ्यात सेविका. त्या अर्ध्या तासात ‘गायिका’ हा शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही.

माझे म्हणणे असे की हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा मांडला जातो. गोहरबाई कर्नाटकी या आधी गायिका आणि नटी होत्या, बालगंधर्वांच्या आयुष्यातली व्यक्ती नंतर. त्यांनी कंपनी बुडवली हा आरोप साध्या पंचांगापुढे टिकत नाही. आणि सेवेचे गोडवे गाणारे त्यांना आरोपातून सोडवतात खरे, पण रंगमंचावरून उतरवून थेट स्वयंपाकघरात नेऊन बसवतात. कलावंत बाईचा न्याय तिच्या कलेवर करायचा, ही साधी गोष्ट आपल्याला अजून जमत नाही.

आधी त्या कोण, ते नीट पाहू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात तीन गोहर एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली कलकत्त्याची गौहरजान. १९०२ साली हिंदुस्थानात पहिल्यांदा ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गायली, गाणे संपले की स्वतःचे नाव पुकारून सही करणारी ती हीच. १९३० साली म्हैसूरला वारली. दुसरी मिस गोहर, म्हणजे रणजित स्टुडिओची नायिका आणि भागीदार. तिसऱ्या आपल्या गोहरबाई. त्या जन्मल्या त्या वेळच्या विजापूर जिल्ह्यातल्या बिळगीच्या, आणि १९४०च्या दशकात हिंदी चित्रपटांत पार्श्वगायिका म्हणून गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या बहीण. ठुमरी गौहरजानची, फोटो मिस गोहरचा आणि चर्चा गोहरबाईंची, असा प्रकार भल्याभल्यांकडून होतो. जिचा आवाज कोणता हेच ठाऊक नाही, तिच्या गाण्याबद्दल मत कसे असणार? म्हणून मग गाणे सोडून बाकी सगळ्याबद्दल मते असतात.

आता आरोप करणाऱ्यांच्या बाजूने जे खरेच वजनदार आहे ते आधी मान्य करू. १९३८ साली गोहरबाई गंधर्व नाटक मंडळीत आल्या आणि नायिकेची कामे करू लागल्या. त्या आल्यावर जुनी माणसे दुरावली, त्यात बालगंधर्वांचे सख्खे भाऊ बापूराव राजहंसही होते. ज्यांनी कंपनीच्या पंक्तीला वर्षानुवर्षे पाने मांडली, त्यांना आपले घर परके झाले असे वाटणे हे काही ढोंग नव्हते. प्रेक्षकांनी गोहरबाईंना मनापासून स्वीकारले नाही, हेही खरे. ज्या प्रेक्षकाने बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहिली होती, त्याच्यासमोर त्याच भूमिकेत, त्याच कंपनीत, त्याच पदांसह उभे राहणे हे धाडस कुणाही नटीला महागात पडले असते. मराठी त्यांची जन्मभाषा नव्हती. संवादात ते कुठेतरी जाणवत असेल, हेही धरून चालू. बालगंधर्वांच्या व्यवहारात त्यांचा शब्द चालू लागला आणि जुन्या स्नेह्यांच्या भेटी अवघड झाल्या, ही तक्रारही इतक्या तोंडून आलेली आहे की ती झटकून टाकण्यात अर्थ नाही.

हे सगळे मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो: १९३८ साली बुडवायला शिल्लक काय होते?

तारखा एकाखाली एक मांडा. बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८चा. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे टेंबे बाजूला झाले, बोडसही झाले, आणि मालकी एकट्या नटाच्या गळ्यात पडली. ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त मानापमान झाले, भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर ललितकलादर्श कंपनीचे केशवराव भोसले. मराठी रंगभूमीच्या वैभवाचे शिखर म्हणून आपण ती रात्र सांगतो. त्याच सुमारास कंपनीच्या डोक्यावर डोंगराएवढे कर्ज आहे हे उघड झाले. चाहत्यांनी पैसे गोळा करून देऊ केले, बालगंधर्वांनी ते नाकारले आणि खेळांच्या उत्पन्नातून वर्षानुवर्षे फेड केली. म्हणजे शिखरावर असतानाच पाया पोखरलेला होता, आणि त्या वेळी गोहरबाई जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या होत्या. १९३४च्या अखेरीस कंपनीचे खेळ थांबले आणि बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीबरोबर भागीत चित्रपटाकडे वळले. १९३५चा ‘धर्मात्मा’ झाला आणि एकाच चित्रपटानंतर ती भागी संपली. १९३७ची ‘साध्वी मीराबाई’ही चालली नाही. त्यानंतर, सगळीकडून हात पोळल्यावर, पन्नाशीला आलेला हा नट पुन्हा नाटकाकडे परतला, आणि तेव्हा कुठे गोहरबाई आल्या. घर जळून गेल्यावर राख सावरायला आलेल्या माणसाला आग लावल्याचा जाब विचारायचा, हा कुठला न्याय?

मग कंपनी बुडाली कशाने? याचे उत्तर खानदेशात बसून जितके चांगले समजते तितके पुण्यात समजत नाही, कारण संगीत नाटकाच्या उत्पन्नाचा एक मोठा झरा आपल्या काळ्या मातीतून वाहत होता. वऱ्हाड-खानदेशचा दौरा म्हणजे कापसाचा दौरा. दिवाळीनंतर कापूस जिनात पडायचा, हातात रोकड यायची, आणि दिवाळी ते होळी हा नाटक कंपन्यांचा सुगीचा काळ असायचा. भुसावळ जंक्शन, जळगाव, चाळीसगावहून फुटणारा धुळ्याचा फाटा, अमळनेरवरून सुरतेकडे जाणारी तापी खोऱ्यातली लाइन, अशा रुळांवरून पडदे, सीन, ट्रंका, भांडीकुंडी आणि माणसे हलायची. मोठ्या कंपनीचे बिऱ्हाड म्हणजे एक चालते गावच. खेळ आठवड्यातून तीन-चार, पण जेवणावळ दिवसातून दोनदा आणि पगार बारा महिने. पावसाळ्यात खेळ नसला तरी आचारी, पडदेवाला, साजिंदे, रंगभूषेवाला यांच्या पोटाला सुट्टी नसते. त्यावर बालगंधर्वांचा षौक: खरे शालू, मखमलीचे पडदे, अत्तराचे फवारे, साथीला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष. तिकिटाचे दर एका मर्यादेपलीकडे चढवता येत नाहीत. नाटकगृह भरगच्च असले तरी खुर्च्या मोजक्याच. म्हणजे जमेला छप्पर आणि खर्चाला आभाळ. असा धंदा चांगल्या वर्षीही काठावरच चालतो.

आणि चांगली वर्षे संपली. १९२९च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले. मुंबईत ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट १९३१च्या मार्चमध्ये लागला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला. नाटकगृहाच्या मालकाचा हिशेब साधा होता. नाटक कंपनी महिन्यातून काही रात्री भाडे देणार, सिनेमा रोज दोन-तीन खेळ लावणार, आणि त्याचा सगळा बाडबिस्तरा म्हणजे एका पेटीत मावणारी रिळे. एकामागून एक नाटकगृहे चित्रपटगृहे झाली. गाव आहे, रसिक आहे, नट आहे, पण खेळ लावायला जागाच नाही अशी वेळ आली. ज्या शेतकऱ्याच्या खंडीभर कापसाचे पैसे आता निम्मेच हातात पडत होते, तो दोन रुपयांच्या खुर्चीऐवजी दोन आण्यांच्या बाकड्यावर जाऊन बसला. त्याला दोष द्यायचा का?

आरोपाची खरी परीक्षा करायची तर ज्या कंपन्यांत गोहरबाई नव्हत्या त्यांचे काय झाले ते पाहावे. ललितकलादर्श केशवरावांनंतर बापूराव पेंढारकरांनी सांभाळली. नवे नाटककार, नेटके नेपथ्य, शिस्तीचा कारभार, सगळे होते. १९३७ साली बापूराव गेले आणि कंपनी थांबली, ती भालचंद्र पेंढारकरांनी पुढे पुन्हा उभी केली. दीनानाथ मंगेशकरांची बलवंत संगीत मंडळी १९१८ साली निघाली, वैभवात राहिली आणि त्याच तिशीच्या दशकात बोलपटाच्या नादात कर्जात गेली. दीनानाथांची सासुरवाडी म्हणजे आपल्या तापीकाठचे थाळनेर, त्यामुळे त्या घराच्या उतरत्या दिवसांची सल खानदेशाला जरा जवळून माहीत आहे. १९४२ साली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी दीनानाथ गेले. त्यांची कंपनी कुठल्या बाईने बुडवली, असे थाळनेरला कुणी विचारत नाही. हिराबाई बडोदेकरांनी स्वतः नाटक कंपनी काढली, बायकांची कामे बायकांनी करायची हा पायंडा पाडला, आणि ती कंपनीही काही वर्षांतच अंगावर कर्ज टाकून मिटली. मैफली गाऊन हिराबाईंनी ते निस्तरले. चार कंपन्या, चार स्वभावांचे मालक, एकच दशक आणि एकच शेवट. तरी त्यातल्या एकीच्याच कपाळावर बाईचे नाव चिकटवायचे?

इथे एक जुना खटला आठवतो, तमाशातला. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, आणि संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा. तो ब्राह्मण, ती महार. पवळा फडावर उभी राहिली आणि नाच्या पोऱ्याच्या जागी बाई दिसू लागली. सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूबाहेर तिकिटाला रांग लावणाऱ्याला आज त्यात नवल वाटणार नाही, पण त्या काळी तो भूकंप होता. पुढे पवळा फड सोडून गेली, बापूरावांची पडती सुरू झाली आणि ते विपन्नावस्थेत वारले. लोक काय म्हणाले? पवळा गेली म्हणून बापूराव बुडाला. गोहरबाईंच्या बाबतीत लोक काय म्हणतात? गोहरबाई आली म्हणून बालगंधर्व बुडाला. आली तरी बुडाला, गेली तरी बुडाला. दोन्ही उत्तरे एकाच कारखान्यातून निघाली आहेत हे कळायला फार बुद्धी लागत नाही. दोन्हीकडे पुरुष वरच्या जातीचा आणि देवपदाला पोचलेला, बाई गाण्यानाचण्याच्या धंद्यातली आणि परक्या वाड्यातली. देवाची चूक दाखवायची नसते, म्हणून देव्हाऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माणसावर खापर फुटते. नारायणराव पेशव्याच्या खुनाची सगळी गोष्ट ‘ध’चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईच्या एका अक्षरावर तोलून धरणारा आपला समाज, त्याला हे नवीन नाही.

दुसरा आरोप नक्कल केल्याचा. गोहरबाई बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल करीत, स्वतःचे काही नव्हते, असे ऐटीत सांगितले जाते. हुबेहूब हे सांगणाऱ्यानेच कबूल केलेले असते, ते सोडून द्या. पण त्या काळात गंधर्व गायकीची नक्कल कोण करीत नव्हते? गल्लीतले बैठकीचे गवई करीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातली पोरे करीत. सौदागर गोरे हा मुलगा तसा गायला तर त्याला आपण ‘छोटा गंधर्व’ ही पदवी दिली आणि ती पुढे त्याचे नावच झाली. योग्यच केले, मोठा गायक होता तो. पण पुरुषाने उचलले तर परंपरा आणि बाईने उचलले तर नक्कल, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? शागिर्दीचा पहिला टप्पा नकलेचाच असतो. गुरूच्या गळ्यातली जागा आपल्या गळ्यात उतरवायची, ती शंभर वेळा चुकवायची, मग ती आपली होते. जन्मभाषेचा मुद्दाही असाच. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, कानडी मुलखातले. त्यांनी मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजवल्या. त्यांच्या उच्चारांची चर्चा कुणी करीत बसत नाही.

खरे म्हणजे गोहरबाईंच्या गाण्याबद्दल विचारायला हवे होते ते प्रश्न वेगळेच आहेत. ते थोडे तपशिलात सांगावे लागतील, कारण वाद घालणारे नेमके इथेच घाई करतात.

पहिला प्रश्न सुराचा. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे त्याचा ‘सा’, साधारण पेटीवरच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या, म्हणजे काळी एक ते काळी दोनच्या परिसरात असतो, बाईचा काळी चार-काळी पाचच्या. जोवर नायकही पुरुष आणि नायिकाही पुरुष होती तोवर दोघांचे सूर जवळजवळ असायचे. ऑर्गन, सारंगी, तबला एका सुरात जुळवले की रात्र निघायची. बाई नायिका झाली की हे गणित बिघडते. आत्ताचे पद नायकाचे काळी एकमध्ये, लगेच पुढचे नायिकेचे काळी चारमध्ये, मधे चार वाक्यांचा संवाद. ऑर्गनवाल्याला फक्त बोटे सरकवायची असतात. पण सारंगीच्या पस्तीसेक तरफा, म्हणजे मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या तारा, एका षड्जाला आणि एका रागाला लावलेल्या असतात. त्या चार वाक्यांत कशा फिरणार? दोन सारंग्या हव्यात, नाहीतर परक्या सुरात वाजणाऱ्या तरफांची कुजबुज सहन करावी लागते. तबल्याचे आणखी नाजूक. काळी एकमध्ये लावलेला सव्वापाच-साडेपाच इंचांचा दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, काळी चारच्या गायिकेला मध्यम म्हणून चालून जातो, कारण काळी चारचा शुद्ध मध्यम म्हणजे बरोबर काळी एक. पण पद भूपात असले तर त्या रागात मध्यमच नाही, आणि यमनात असला तरी तीव्र. मग दर समेला तबला रागाबाहेरचा स्वर ठणकावून सांगतो. आणि बाईचा सूर काळी पाच असला तर काळी एकचा दायाँ तिच्या कोमल गंधारात वाजतो, म्हणजे सरळ बाद. काळी दोनचा दुसरा दायाँ जवळ लावून ठेवावा लागतो. त्यात आपल्याकडची हवा. भुसावळच्या कोरड्या उन्हात चामडे ताणून दायाँ चढतो, पावसाळी दमटपणात उतरतो. गठ्ठे ठोकत बसणारा तबलजी आणि विंगेत पदाची वाट पाहणारी नटी, हे दृश्य रंगले कसे असते?

दुसरा प्रश्न साथीचा. आपण बालगंधर्वांचे गाणे म्हणतो तेव्हा कानात काय वाजते? त्यांचा सूर तर वाजतोच, पण त्या सुराखाली थिरकवाँसाहेबांचा तोललेला ठेका आणि अंतऱ्यावरून मुखड्याकडे येताना अलगद सुटणारी लग्गी वाजते, मागून कादरबक्षची सारंगी त्याच जागेची सावली धरते. गोहरबाई कंपनीत आल्या तोवर थिरकवाँसाहेब रामपूर दरबारात गेले होते. म्हणजे ज्या गादीवर बसून बालगंधर्व गायले, ती गादी गोहरबाईंच्या वाट्याला आलीच नाही. साथ काढून घेतलेल्या गाण्याची भरल्या साथीच्या गाण्याशी तुलना करून ‘ती मजा नाही’ म्हणणे सोपे आहे. साठीतल्या बालगंधर्वांच्या गाण्यालाही तीच मजा उरली होती का, असे मात्र कुणी विचारत नाही. तिथे आपण ‘अहो, पण सूर बघा’ म्हणून पुढे जातो. हा अर्धाच प्रेमळपणा झाला.

तिसरा प्रश्न ऐकण्याचा. गोहरबाईंबद्दलचे आजचे मत बहुधा एखाद्या खरखरीत ध्वनिमुद्रिकेवर उभे असते. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या आसपासचे गाणे. बालगंधर्व रंगमंचावर एकेक पद वन्समोर घेत अर्धा अर्धा तास फुलवायचे. त्याच्या आठवणी, नाहीतर त्या आठवणींच्या आठवणी, एकीकडे आणि ही सव्वातीन मिनिटे दुसरीकडे. त्यातही तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा वेग सहा टक्क्यांनी चुकला की सगळे गाणे एका अर्ध्या स्वराने वर किंवा खाली सरकते. वर सरकले तर बाईचा आवाज किनरा आणि ताना घाईच्या वाटतात. जुन्या तबकडीवरून उतरवून घेतलेल्या अनेक प्रतींत हे झालेले असते. तपासायला सोपे आहे: शेजारी पेटी घ्या, षड्ज शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत असेल तर वेग चुकला असण्याचा संभव दाट. आधी तो दुरुस्त करा आणि मग ‘आवाज टोकदार होता’ हे मत बनवा.

यावर एक चांगला प्रतिवाद निघतो, आणि तो मी हलका समजत नाही. कुणी म्हणेल, बाई म्हणून नाकारले असे कसे? जयमालाबाई शिलेदार तरुणपणी गंधर्व नाटक मंडळीतच बालगंधर्वांबरोबर कामे करून पुढे आल्या, त्यांनी तीच गायकी आयुष्यभर गायली, आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले, २०१३ साली पद्मश्रीही मिळाली. ज्योत्स्नाबाई भोळे ‘कुलवधू’त उभ्या राहिल्या आणि प्रेक्षक वेडे झाले. खरे आहे. म्हणजे १९४०च्या दशकातला मराठी प्रेक्षक गाणाऱ्या नटीला स्वीकारायला तयार होता. पण मग गोहरबाईंना न स्वीकारण्याचे कारण त्यांचे गाणे होते की नाते? ज्योत्स्नाबाईंना नवे नाटक मिळाले, त्यांच्यासाठी नव्या चाली बांधल्या गेल्या, त्यांची भानुमती आधी कुणी केलेली नव्हती. गोहरबाईंच्या वाट्याला आल्या त्या दुसऱ्याच्या अंगावर मापून शिवलेल्या भूमिका, आणि तो दुसरा समोरच उभा. जयमालाबाईंनी पुढे जयरामांबरोबर स्वतःची संस्था काढली, गंधर्वांच्या छायेबाहेर आल्या. गोहरबाईंना छायेबाहेर पडायचेच नव्हते. हा त्यांचा निर्णय व्यावसायिकदृष्ट्या चुकला, असे म्हणायला जागा आहे, आणि मी तसे म्हणतो. गायिका म्हणून त्यांनी स्वतःवर अन्याय केला. त्यांच्या टीकाकारांनी हे म्हटले असते तर ती टीका झाली असती. ते म्हणाले चेटकीण.

आता सेवेच्या भक्तांकडे. लक्ष्मीबाई, बालगंधर्वांच्या पहिल्या पत्नी, १९४० साली वारल्या. १९५१ साली बालगंधर्व आणि गोहरबाईंचे लग्न झाले. पुढे बालगंधर्वांचे पाय गेले, उत्पन्न आटले, आणि माहीमच्या बिऱ्हाडात गोहरबाईंनी त्यांचे सगळे केले. १९६४ साली त्या गेल्या, तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ला बालगंधर्व गेले. हे सांगताना गळा दाटून येतो, यावा. पण सेवेच्या बळावर निर्दोष सुटका मागणे म्हणजे फिर्यादीची भाषा मान्य करणे होय. सेवा केली नसती तर काय त्या दोषी ठरणार होत्या? दीनानाथांच्या तानेचा विचार करताना ते घरी कसे वागायचे हे कुणी मधे आणत नाही. केशवरावांच्या ‘धैर्यधरा’चे मोल ठरवताना त्यांनी कुणाचे पाय चेपले हा प्रश्न येत नाही. बाईचे गाणे मात्र तिच्या चारित्र्याच्या प्रमाणपत्राशिवाय ऐकायचेच नाही, असा आपला रिवाज. निंदकांनी ते प्रमाणपत्र फाडले, भक्तांनी ते डकवून दिले. तबकडी कुणीच लावली नाही.

जळगावला या बाबतीत काही करण्याचा हक्क आहे. नारायण राजहंस या पोराने गाण्याचे पहिले धडे घेतले ते याच गावात, मेहबूबखाँकडे. म्हणजे एका मुसलमान उस्तादाने घडवायला सुरुवात केलेला गळा एका मुसलमान गायिकेने आपल्या गळ्यात जपला, आणि मधल्या सगळ्या गोष्टी आपण पाठ करून ठेवल्या. गावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, महोत्सवाची परंपरा आहे, तयार कान आहेत. एका दुपारचे दीड-दोन तास पुरतील. दोन-तीन तबकड्या, वेग दुरुस्त करून, पेटीवर षड्ज दाखवून, आधी बालगंधर्वांचे पद आणि लगेच गोहरबाईंचे. मग एक गायक काळी एकमध्ये, एक गायिका काळी चारमध्ये, मानापमानातली दोन पदे पाठोपाठ, मधे चार वाक्यांच्या संवादापुरतीच उसंत. साथीला आधी एकच सारंगी आणि एकच दायाँ द्यायचा, आणि काय होते ते लोकांना ऐकू द्यायचे. नंतर दुसरी सारंगी, दुसरा दायाँ आणून तीच पदे पुन्हा. त्या दिवशी श्रोत्यांत ‘बाईनामुये बुडना’ म्हणणारा कुणी असेल तर त्याला पुढच्या रांगेत, तबल्याजवळ जागा द्यावी.